सरकारी कामांसाठी एकच लॉगिन: डिजिलॉकर आणि ‘मेरी पहचान’ नीट कसं लावून घ्यावं

केंद्र सरकारच्या बऱ्याच पोर्टलांवर लॉगिनच्या चौकटीत आता ‘मेरी पहचान’ किंवा ‘डिजिलॉकर’ असं बटण दिसतं. ते वापरलं की त्या पोर्टलसाठी वेगळा पासवर्ड बनवावा लागत नाही. तुम्ही कोण आहात याची खात्री डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रं फोनवर ठेवायची सरकारी सोय, करून देतं आणि पोर्टल तुम्हाला आत घेतं. विद्यार्थ्यांचं शैक्षणिक क्रेडिटचं खातं (एबीसी) असंच उघडतं, सरकारी सेवांच्या उमंग ॲपमध्ये असं शिरता येतं आणि विमानतळावरच्या डिजियात्रा ॲपला आधारची खात्रीही डिजिलॉकरमधूनच मिळते.

‘मेरी पहचान’ जुलै २०२२मध्ये सुरू झालं. ओळख पटवणाऱ्या तीन व्यवस्था त्याच्याखाली आहेत: २०१५पासून चालू असलेलं डिजिलॉकर, मुंबईच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने बनवलेलं ई-प्रमाण आणि सरकारी संकेतस्थळं सांभाळणाऱ्या एनआयसीचं जन परिचय. तिन्हींपैकी कशानेही आत जाता येतं. तरी सामान्य माणसाने सरळ डिजिलॉकरच धरावं, कारण कागदपत्रंही तिथेच येतात आणि ओळखही तिथूनच पटते. एकदा जे धराल तेच कायम ठेवा. आज डिजिलॉकरने आणि उद्या जन परिचयने त्याच पोर्टलमध्ये गेलात तर पोर्टलच्या दृष्टीने ती दोन वेगळी माणसं ठरू शकतात. मग आधी भरलेला अर्ज ‘गायब’ होतो. अर्ज असतो तिथेच, पण दुसऱ्या खात्यात.

हे लॉगिन तीन गोष्टींवर उभं आहे: आधारला जोडलेला मोबाइल नंबर, आधारवरचं नाव आणि जन्मतारीख, आणि फक्त तुम्हाला ठाऊक असलेला सहा आकडी पिन. लोक ज्या ज्या ठिकाणी अडतात, त्याचं मूळ बहुतेक वेळा या तिघांपैकी एकात सापडतं. म्हणून ॲप उघडण्याआधी पाया तपासून घ्यावा.

मोबाइल नंबर: कुठला जोडलाय, तो आधी पाहा

आधारला आपला कुठला नंबर जोडला आहे हे अनेकांना आठवत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी शिबिरात आधार काढलं तेव्हा शेजाऱ्याचा, मुलाचा किंवा कधीच बंद झालेला नंबर दिला गेलेला असतो. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या ‘माय आधार’ संकेतस्थळावर मोबाइल आणि ईमेल पडताळण्याची सोय आहे आणि तिथे लॉगिनही करावं लागत नाही. आधार क्रमांक, तुम्हाला वाटतो तो मोबाइल नंबर आणि चित्रातली अक्षरं भरली, की नंबर जुळतो की नाही ते लगेच कळतं.

नंबर जुळला नाही तर आधार केंद्रात जा. बँकांमध्ये आणि टपाल कार्यालयांमध्येही आधार केंद्रं असतात. मोबाइल नंबर बदलायला कुठलाही कागद लागत नाही. बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची नोंद आणि ठरलेलं शुल्क, एवढंच. घरात अंथरुणाला खिळलेली किंवा वयस्कर व्यक्ती असेल तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या सेवेतून पोस्टमन घरी येऊन नंबर जोडून देतो. जवळच्या टपाल कार्यालयात चौकशी करा. मिळालेली पावती जपून ठेवा. तिच्यावरच्या यूआरएन क्रमांकाने बदल झाला की नाही ते ऑनलाइन पाहता येतं. तो दिसेपर्यंत डिजिलॉकरमध्ये पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नसतो.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. घरातल्या सगळ्यांच्या आधारला एकाच कर्त्या माणसाचा नंबर जोडायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. लहान मुलांसाठी ते ठीक आहे. पण आईच्या, आजीच्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या आधारला तिचा स्वतःचा नंबरच जोडलेला असावा. नाहीतर तिचं प्रत्येक सरकारी काम दुसऱ्याच्या हातातल्या फोनवर येणाऱ्या ओटीपीपाशी अडतं. ती वसतिगृहात आणि ओटीपी गावाकडे वडिलांच्या फोनवर, अशाने प्रवेशाची मुदत हातची जाते.

नंबर चालू ठेवणंही तितकंच महत्त्वाचं. सलग ९० दिवस नंबर वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. फक्त ‘आधारसाठी’ ठेवलेलं दुसरं सिम रिचार्जविना पडलं असेल, तर तुमच्या ओळखीची चावी हळूहळू परक्या हातात चालली आहे असं समजा. नंबर सोडायचाच असेल तर आधी आधार, बँक आणि डिजिलॉकर यांतून बदला आणि मगच सोडा.

नाव आणि जन्मतारीख: महाराष्ट्रातली खास अडचण

डिजिलॉकर कुठलाही कागद आणताना तुमच्या आधारवरचं नाव त्या खात्याकडच्या नावाशी ताडून पाहतं. आपल्याकडे नाव तीन जागी तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. आधारवर ‘स्नेहा राजेंद्र पाटील’, दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी म्हणून ‘पाटील स्नेहा राजेंद्र’, पॅनवर नुसतं ‘स्नेहा पाटील’. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलली असतील तर गुंता आणखी वाढतो. इंग्रजी स्पेलिंगचा घोळ वेगळाच: ‘ज्ञानेश्वर’ हे नाव डी-एन-वायने आणि जी-वायने अशा दोन्ही प्रकारे लिहिलं जातं, आणि संगणकाला ती दोन वेगळी माणसं वाटतात.

नुसता क्रम मागेपुढे असेल तर काही खात्यांची यंत्रणा तो समजून घेते, काहींची घेत नाही. स्पेलिंग वेगळं असेल किंवा मधलं नाव गायब असेल तर अडण्याची शक्यता जास्त. दुरुस्ती करायची ठरली तर घाई करू नका, कारण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. आधी सगळी कागदपत्रं टेबलावर मांडा आणि ज्या स्पेलिंगने जास्तीत जास्त कागद आहेत ते पक्कं करा. मग जो एखादा कागद वेगळा पडतोय तो बदला. बऱ्याचदा आधारला हात न लावता पॅन दुरुस्त केलं की काम भागतं. लग्नानंतरच्या नावासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागतं. स्वतःहून नाव बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी लागते.

ज्येष्ठांच्या आधारवर कधीकधी फक्त जन्मवर्ष असतं. पूर्ण तारीख मागणाऱ्या सेवांमध्ये तिथे अडथळा येतो. पासपोर्ट किंवा जन्म प्रमाणपत्र हाताशी असेल तर आधार केंद्रात पूर्ण तारीख नोंदवून घ्या, पण तारीख तपासून, कारण ती संधी एकदाच मिळते.

खातं उघडताना

पाया नीट असेल तर खातं उघडायला दहा मिनिटं पुरतात. ॲप शोधून घेण्याऐवजी फोनच्या ब्राउझरमध्ये ‘डिजिलॉकर डॉट गव्ह डॉट इन’ हा पत्ता स्वतः टाइप करा आणि तिथल्या दुव्यावरून ॲपकडे जा. ॲप स्टोअरमध्ये नावाने शोधलं तर सारख्या दिसणाऱ्या खोट्या ॲपवर बोट पडण्याची भीती असते.

नोंदणीत नाव, जन्मतारीख, लिंग, मोबाइल नंबर, ईमेल, सहा आकडी सुरक्षा पिन आणि आधार क्रमांक द्यायचे असतात. आवृत्तीप्रमाणे क्रम थोडा बदलतो. नाव आणि जन्मतारीख हुबेहूब आधारप्रमाणे भरा. पूर्ण नाव आधारवर असेल तर इथे आद्याक्षरं नकोत. मोबाइलवर एक ओटीपी येतो, आधार जोडताना आणखी एक येतो. तुमचा रोजचा नंबर आणि आधारचा नंबर वेगळे असतील तर हे दोन ओटीपी दोन फोनवर येतील, हे लक्षात ठेवा. ‘ओटीपी चुकीचा’ असा संदेश पुष्कळदा एकाच्या जागी दुसरा टाकल्यामुळे येतो.

ईमेल स्वतःचाच द्या, आणि ज्याचा पासवर्ड माहीत आहे असाच. महा ई-सेवा केंद्रावर खातं उघडून घेतलं तर तिथला माणूस वेळ वाचवायला स्वतःचा ईमेल घालतो, कधी मोबाइल नंबरही स्वतःचाच देतो. हे अजिबात चालू देऊ नका.

पिन म्हणून जन्मतारीख, गाडीचा नंबर, १२३४५६ किंवा मोबाइलचे शेवटचे आकडे नकोत. फोन उघडायचा पिन, यूपीआयचा पिन आणि हा पिन वेगवेगळे ठेवा. ओटीपी फोनवर येतोच. फोन दुसऱ्याच्या हातात पडला तर मध्ये उभा राहतो तो हा पिनच. तो लिहून ठेवायचाच असेल तर घरातल्या वहीत लिहा, फोनच्या नोट्समध्ये नको आणि पाकिटातल्या आधार कार्डाच्या मागे तर मुळीच नको.

कागद आणणं आणि कागद चढवणं यांतला फरक

डिजिलॉकरमध्ये दोन कप्पे असतात. एकात संबंधित खात्याने थेट दिलेले कागद येतात, म्हणजे ‘इश्यूड’ कागद. दुसऱ्यात तुम्ही स्वतः फोटो काढून किंवा स्कॅन करून चढवता ते. लॉगिनच्या आणि कायद्याच्या दृष्टीने वजन फक्त पहिल्याला आहे. डिजिटल लॉकरच्या २०१६च्या नियमांत २०१७ साली घातलेल्या ९-अ या तरतुदीने खात्याने दिलेले असे कागद मूळ कागदाच्या बरोबरीचे मानले जातात. वाहतूक पोलिसाला किंवा रेल्वेत तिकीट तपासनिसाला दाखवायचं तर पहिल्या कप्प्यातलाच कागद ॲप उघडून दाखवावा. दुसऱ्या कप्प्यातला स्वतः चढवलेला फोटो किंवा गॅलरीतला स्क्रीनशॉट त्यांनी नाकारला तर ते बरोबरच आहे.

सुरुवात आधारपासून करा, मग पॅन, मग लायसन. लायसनचा क्रमांक टाकताना सर्वांत जास्त चुका होतात. त्यात १५ अक्षरं-आकडे असतात: राज्याची २ अक्षरं, आरटीओचे २ आकडे, वर्षाचे ४ आणि मग ७ आकडी क्रमांक. पुण्याचा क्रमांक ‘एमएच १२’ने सुरू होईल आणि पुढे वर्ष येईल. मधली मोकळी जागा, आडवी रेघ, तिरकी रेघ काढून सलग टाकून पाहा. क्रमांक ७ आकडी भरत नसेल तर डावीकडे शून्यं लावा. वही किंवा पुस्तकाच्या काळातलं जुनं लायसन तरीही सापडत नसेल, तर त्याची नोंद ‘सारथी’ या संगणकीय यादीत चढलेलीच नसण्याची शक्यता आहे. ते काम ज्या आरटीओने लायसन दिलं तिथेच होतं. ॲपमध्ये कितीही प्रयत्न केले तरी उपयोग नाही.

गाडीच्या आरसीसाठी नोंदणी क्रमांक आणि चासी क्रमांक लागतो. चासी क्रमांकात इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य, ‘आय’ आणि एक यांची गल्लत होते. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर तिची आरसी तुमच्या खात्यात येणार नाही, नाव जुळत नाही म्हणून. जुनी गाडी विकत घेऊन नावावर केली नसेल तरीही नाही.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेसाठी यादीत महाराष्ट्राचं राज्य मंडळ शोधा. परीक्षेचं वर्ष आणि बैठक क्रमांक लागतो. परीक्षा मार्चची की नंतरच्या फेरपरीक्षेची, हे नीट निवडा. तिथे चुकलं की नोंद मिळत नाही असाच संदेश येतो.

डाउनलोड केलेली पीडीएफ संगणकावर उघडली की कधी सहीच्या जागी प्रश्नचिन्ह आणि ‘वैधता अज्ञात’ असं इंग्रजीत दिसतं. कागद खोटा आहे असा त्याचा अर्थ नाही. त्या संगणकाने सहीचं प्रमाणपत्र अजून ओळखलेलं नसतं. ॲडोबी रीडरमध्ये सहीवर क्लिक करून तिच्या गुणधर्मांत ते प्रमाणपत्र विश्वासार्ह म्हणून जोडलं आणि पुन्हा पडताळणी केली की हिरवी खूण येते. छापील प्रत द्यायची असेल तर ही खूण आल्यावरच छापा.

दुसऱ्या पोर्टलवर या लॉगिनने जाताना

इथे घाई नको. बटण दाबल्यावर तुम्ही त्या पोर्टलवरून ‘मेरी पहचान’च्या पानावर जाता. पत्त्याच्या पट्टीत डिजिलॉकर डॉट मेरीपहचान डॉट गव्ह डॉट इन असं दिसायला हवं. पत्ता वाचायची खात्रीची पद्धत अशी: सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिच्या लगेच डावीकडे काय आहे ते पाहा. तिथे ‘डॉट गव्ह डॉट इन’ असेल तर पान सरकारी. ‘गव्ह’ आणि ‘इन’ ही अक्षरं पत्त्यात आधी कुठेतरी आहेत, पण रेघेच्या डावीकडे ‘डॉट कॉम’, ‘डॉट ऑनलाइन’ किंवा ‘डॉट एक्सवायझेड’ आहे, तर ते पान बंद करा. कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. ते चिन्ह खोट्या पानालाही मिळतं.

मोबाइल नंबर, यूजरनेम किंवा आधार यांपैकी एक देऊन पिन आणि ओटीपी टाकला की संमतीचं पान येतं. बहुतेक जण ते न वाचताच पुढे जातात. खरं तर सगळ्या व्यवहारात महत्त्वाचं पान हेच. त्यावर चार गोष्टी पाहायच्या.

पहिलं, मागणारं कोण? तुम्ही ज्या सेवेवरून आलात तिचंच नाव तिथे हवं.

दुसरं, काय मागितलंय? नाव, जन्मतारीख आणि लिंग एवढं लॉगिनला पुरतं. त्याखाली कागदांची यादी असते आणि कागदांपुढच्या खुणा काढता येतात. रहिवासाच्या पुराव्यासाठी आधार मागितलं तर समजू शकतं, पण त्याच कामासाठी गुणपत्रिका आणि आरसी कशाला? ज्या कागदाचा कामाशी संबंध नाही त्याची खूण काढा. खूण काढल्यामुळे अर्ज अडला तर परत येऊन देता येतं. दिलेली प्रत मात्र परत घेता येत नाही.

तिसरं, संमती किती दिवसांची? तिथे तारीख दिसते आणि ती बदलता येते. एकदाच्या पडताळणीसाठी जवळची तारीख ठेवा.

चौथं, हेतू काय लिहिलाय?

हे लॉगिन खासगी कंपन्यांच्या ॲपमध्येही दिसतं. कर्ज, विमा, डीमॅट, भाड्याची गाडी. पान तेच, दिसायला तितकंच सरकारी. म्हणून ‘डिजिलॉकरचं पान आलं म्हणजे समोरचा खात्रीचा’ असं मानू नका. डिजिलॉकर तुमची ओळख त्याला पटवून देतं, त्याची पत तुम्हाला नाही.

वर्षातून दोन-तीनदा डिजिलॉकरमध्ये जाऊन कुणाकुणाला संमती दिली आहे ते आणि खात्यातल्या हालचालींची नोंद पाहा. न वापरातल्या सेवांची संमती काढून टाका. सोबत ‘माय आधार’मध्ये आधार पडताळणीचा इतिहासही पाहावा. मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे आणि कशा पद्धतीने, ओटीपीने की ठशाने, वापरलं गेलं ते तिथे दिसतं. अनोळखी नोंद दिसली तर १९४७ या आधारच्या मदत क्रमांकावर कळवा आणि ठसे-डोळ्यांची नोंद कुलूपबंद करा. ती सोय ‘माय आधार’मध्येच आहे आणि लागेल तेव्हा कुलूप उघडताही येतं.

काय उघडत नाही

एकच लॉगिन म्हणजे सगळीकडे एकच लॉगिन, असं आज तरी नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास यांसाठी महाराष्ट्राच्या ‘आपले सरकार’वर स्वतंत्र नोंदणी करावी लागते. शिष्यवृत्ती आणि अनुदानाच्या अर्जांसाठीच्या महाडीबीटीचं आपलं वेगळं लॉगिन आहे, १५ रुपये भरून मिळणाऱ्या डिजिटल सातबाऱ्याचंही वेगळं. गोव्यात ‘गोवा ऑनलाइन’चं स्वतःचं खातं लागतं. आयकराच्या पोर्टलवर पॅन हाच यूजर आयडी असतो. उमंगमध्ये एकदा शिरलात तरी पीएफचं पासबुक पाहायला यूएएन हा पीएफचा क्रमांक आणि त्याला जोडलेल्या नंबरवरचा ओटीपी लागतोच. मुख्य दार उघडलं तरी आतल्या काही कपाटांना आपापली कुलुपं आहेत.

या वेगळ्या खात्यांसाठी एक शिस्त पाळा: सगळीकडे तोच मोबाइल नंबर, तोच ईमेल, तेच स्पेलिंग. पासवर्ड मात्र प्रत्येकाचा निराळा.

अडलं तर

ओटीपी येत नाही ही सर्वांत मोठी तक्रार. त्याच नंबरचं नवीन सिम घेतलं असेल, हरवलेलं बदलून घेतलं असेल किंवा साध्या सिमचं ई-सिम केलं असेल, तर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. फसवणूक रोखण्यासाठीच तो नियम आहे. मुदतीच्या आदल्या दिवशी सिम बदलू नका. एरवी एकदा मागितलेला ओटीपी येईपर्यंत थांबा. चार वेळा बटण दाबलं तर चार संदेश मागेपुढे येतात आणि चालतो फक्त शेवटचा. परदेशात जाणार असाल तर भारतातून निघण्यापूर्वीच सिमवर रोमिंग सुरू करून घ्या. एसएमएस मिळण्यापुरती जोडणी असली तरी काम होतं.

पिन विसरलात तर लॉगिनच्या पानावरच नवा करता येतो. त्यासाठी नोंदणीत दिलेली जन्मतारीख आणि ओटीपी लागतो. दुसऱ्या कुणी खातं उघडून दिलं असेल आणि तारीख अंदाजे भरली असेल तर इथे अडेल. मग आधार क्रमांकाच्या वाटेने प्रयत्न करा.

‘या आधारवर आधीच खातं आहे’ असा संदेश आला तर नवा नंबर देऊन दुसरं खातं काढायच्या भानगडीत पडू नका. एका आधारला एकच खातं. कधीतरी निकाल पाहताना किंवा कॉलेजने एबीसी क्रमांक काढायला लावला तेव्हा ते उघडलेलं असतं. आधार क्रमांकाने लॉगिन करून तेच ताब्यात घ्या आणि पिन बदला.

पान अर्ध्यावर गोल फिरत राहिलं तर बहुधा ब्राउझरने नवी खिडकी अडवलेली असते. व्हॉट्सॲपमधल्या दुव्यावरून उघडलेल्या पानातही असंच होतं. क्रोमसारख्या मुख्य ब्राउझरमध्ये पोर्टलचा पत्ता नव्याने टाकून सुरुवात करा.

केंद्रावर किंवा कॅफेत काम करून घेताना

महा ई-सेवा केंद्र आणि सीएससी चालवणारी माणसं गावागावांत मोठं काम करतात, त्यांची मदत जरूर घ्या. फक्त पिन स्वतःच्या हाताने टाका. ओटीपी ओरडून सांगण्याऐवजी कळफलक आपल्याकडे ओढून टाइप करा. संमतीचं पान स्वतः वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी घरातलं माणूस सोबत न्यावं.

काम झालं की नुसतं पान बंद करून उठू नका. एका लॉगिनची गंमत हीच की पोर्टलमधून बाहेर पडलात तरी डिजिलॉकरचं लॉगिन मागे चालू राहिलेलं असू शकतं, आणि पुढचा माणूस त्याच संगणकावर तुमच्या नावाने आत जाऊ शकतो. आधी पोर्टलमधून, मग डिजिलॉकरमधून लॉग आउट करा. डाउनलोड झालेल्या पीडीएफ त्या संगणकावरून आणि कचराकुंडीच्या फोल्डरमधूनही काढून टाका. शक्य असेल तर सुरुवातच ब्राउझरच्या खासगी खिडकीत करावी; सगळ्या खासगी खिडक्या बंद केल्या की लॉगिन मागे राहत नाही. झेरॉक्सला आधार द्यायचं असेल तर शेवटचे ४ आकडेच दिसणारं झाकलेलं आधार ‘माय आधार’वरून काढून द्या.

फोन हरवला तर, याच क्रमाने

सिम आधी बंद करा, पोलीस ठाणं त्यानंतर. दुसऱ्याच्या फोनवरून मोबाइल कंपनीला फोन करा. मग फोन हरवल्याची तक्रार नोंदवून तिच्या आधारे ‘संचार साथी’ पोर्टलवर फोनचा आयएमईआय क्रमांक बंद करून घ्या. हा १५ आकडी क्रमांक खोक्यावर किंवा बिलावर असतो. फोन हातात असताना *#०६# लावूनही दिसतो, तो आजच लिहून ठेवा. नवीन सिम सुरू झालं की एसएमएसचे २४ तास जाऊ द्या. मग डिजिलॉकरचा पिन बदला, हालचालींची नोंद आणि संमती तपासा. पैशांचा व्यवहार झालेला दिसला तर एक मिनिटही न दवडता १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लावा.

फोन हातात आहे तोवर करायच्या दोन गोष्टी. कुलूप लावलेल्या पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसणं बंद करा, म्हणजे फोन न उघडता ओटीपी वाचता येणार नाही. आणि सिमला पिन लावा, म्हणजे चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी ते चालणार नाही. सिमचा पिन तीनदा चुकला तर पीयूके क्रमांक लागतो. तो मोबाइल कंपनीकडून मिळतो.

डिजिलॉकरच्या प्रोफाइलमध्ये नॉमिनी नेमायची सोयही आहे. पिन आणि आधारची कामं उरकली की त्याच बैठकीत ती नोंदही करून टाका आणि ज्याला नेमलं त्याला तसं सांगून ठेवा.